धुराड्याआधीचं घर

भाड्यानं घ्यायचं बेसमेंट बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला नोकरी कुठे, पगार किती, रेफरन्स कुणाचा, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. दारात उभं राहून, चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, "शेणाची ॲलर्जी नाही ना?"

नागपूरहून कॅनडातल्या किचनरला येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्या दोन आठवड्यांत घरमालकांचे नाना प्रश्न ऐकले होते. मासे तळतेस का, आंघोळीला किती वेळ लागतो, मित्र येतात का. शेणाचा हा पहिलाच. मी गोंधळून "नाही" म्हणाले.

"मग झालं. मूव्ह इन कर."

"अहो, तिला आधी वॉशरूम तरी दाखवा!" आतून काकूंचा आवाज आला.

वॉशरूम चांगली होती. बेसमेंटला एक आडवी खिडकी होती, तिच्यातून मागच्या अंगणातली फक्त जमीन दिसायची. त्या दिवशी दिसले ते जमिनीत पुरलेले जाड खांब, ओल्या मातीचा ढीग आणि त्या ढिगात आनंदानं नाचणारे काकांचे पाय. चारच पावलं असतील नसतील इतक्या अंतरावर चार बेडरूमचं, दोन गाड्यांच्या गराजचं, सेंट्रल हीटिंगचं त्यांचं घर उभं होतं, आणि काका त्याच्या मागे अँग्लो-सॅक्सन झोपडी बांधत होते.

अँग्लो-सॅक्सन म्हणजे, मला काकांनी समजावलं तसं सांगते, इंग्रज इंग्रज व्हायच्या आधीचे इंग्रज. हजार-बाराशे वर्षांपूर्वी ते खेड्यांत राहायचे. लाकडी खांब, कुडाच्या भिंती, त्यावर माती-शेणाचा लेप, गवताचं छप्पर. लांबट घराला दोन्ही अंगांना समोरासमोर दारं. मधोमध आगटी. आणि धुराडं नाही.

"मग धूर कुठून जातो?" मी विचारलं.

काकांचा चेहरा उजळला. पुढे मला कळलं की हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो, कारण मग जेवणाची वेळ टळते. "छपरातून!" ते म्हणाले. "सगळ्या छपरातून. हळूहळू. कुठूनही नाही आणि सगळीकडून."

आता गंमत अशी की काका स्वतः आयुष्यभर धूर आणि हवा यांचेच इंजिनिअर. मोठमोठ्या इमारतींत गरम हवा कुठून आणायची आणि घाण हवा कुठून बाहेर काढायची, हे ठरवण्यात त्यांची नोकरी गेली. रिटायर झाल्यावर दोघं इंग्लंडच्या ट्रिपला गेले. राजवाडे झाले, पूल झाले, आणि वाटेत बस एका ठिकाणी चहाला थांबली. तिथे काही हौशी लोकांनी जुन्या पद्धतीचं सॅक्सन खेडं उभं केलं होतं. सगळे चहाकडे गेले. काका एका झोपडीत शिरले ते बाहेर येईनात. काकू शोधत गेल्या, तर हे आगटीपाशी उकिडवे बसलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"धुरानं ना हो?" काकूंनी विचारलं.

"धुरानंच," काका म्हणाले.

काकूंना तेव्हाच संशय यायला हवा होता. "मला वाटलं, बाहेर पडलो की उतरेल," त्या मला सांगायच्या. उतरलं नाही. काकांनी मला एकदाच, शेण मळता मळता, त्या दिवसाचं सांगितलं. "आयुष्यभर मी हवेला सांगत आलो, इथून ये, तिथून जा. डक्ट घातले, फॅन लावले. आणि त्या घरात हवेला कुणी काही सांगतच नव्हतं गं. ती आपली आपण जात होती."

मला हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. पण कोपरापर्यंत हात शेणात असताना माणसाला फार हळवं होता येत नाही.

होय, मीही शेण मळलं. नागपुरात माझ्या सात पिढ्यांत कुणी मळलं असेल तर असेल, मी फ्लॅटमध्ये वाढलेली. शेण आणायला आम्ही गावाबाहेर जायचो. तिकडे पंथाच्या नियमानं मोटार न वापरता घोडागाडीतून फिरणारे, काळ्या टोप्यांचे शेतकरी राहतात. काका त्यांची चकचकीत गाडी घेऊन जायचे आणि डिकीत जुनी चादर अंथरायचे. पहिल्या खेपेला शेतकऱ्यानं विचारलं, "गार्डन?"

"नो. वॉल," काका म्हणाले.

शेतकऱ्यानं बराच वेळ काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि एक पाटी जास्तीची दिली. ती गाडी नंतर हिवाळाभर काचा बंद करून काकूंना मंडळाच्या कार्यक्रमांना नेत असे. काकू अत्तराचा फाया कानात ठेवून बसायच्या.

छपराचं गवत तर हायवेच्या कडेच्या नाल्यातलं. तिथे माणसाहून उंच बोरू माजलेला असतो. काका कोयता घेऊन आत गडप व्हायचे आणि मी बाहेर मोळ्या बांधायचे. एकदा एक भला माणूस गाडी थांबवून काच खाली करून म्हणाला, "यू लूज समथिंग?"

बोरूच्या आतून काकांचा आवाज आला, "येस! अ रूफ!"

तो माणूस काच वर करून निघून गेला.

शेजारी डोरीन नावाच्या आजीबाई राहायच्या. त्यांचे पूर्वज इंग्लंडहून आलेले, म्हणून काकांना त्यांच्याबद्दल भारी आपुलकी. कुंपणावरून त्यांना हाक मारून काका कूड दाखवायचे. "डोरीन, सी! युवर पीपल!"

"माय पीपल आर फ्रॉम हॅमिल्टन," डोरीन म्हणायच्या, म्हणजे इथल्याच तासाभरावरच्या गावाहून, आणि पडदा ओढायच्या.

झोपडीचे नियम कडक होते. त्या काळी जे नव्हतं ते आत न्यायचं नाही. फोन नाही, थर्मास नाही, प्लॅस्टिकची चप्पल नाही. एकदा काकूंनी माझ्या हाती पोहे पाठवले. काकांनी ताटली घेतली आणि एकेक बटाटा, एकेक मिरची वेचून उंबऱ्याबाहेर ठेवायला लागले.

"हे काय?" मी म्हटलं.

"बटाटा, मिरची अजून यायच्यात. अमेरिकेतून."

"काका, आपण अमेरिका खंडातच बसलोय."

काका थबकले. मिरची चिमटीतच राहिली. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे इथून अजून निघाल्या नाहीत." आणि खायला लागले. पोह्यांना चव नव्हती, ते त्यांनाही कळत होतं, पण खात राहिले. पोहे तरी तिकडे कुठे होते, हे मी विचारलं नाही. भूक मलाही लागली होती.

त्या लोकांना कोडी घालायचा नाद होता म्हणून काकाही कोडी घालायचे. मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना मेसेज यायचा, "पोट आहे, तोंड आहे, आठवड्यातून एकदा रस्त्यावर उभी राहते, सगळ्यांचं उष्टं खाते. कोण?" उत्तर ग्रीन बिन. पण त्याचा खरा अर्थ, आज कचऱ्याचा दिवस आहे, जाताना बिन बाहेर ठेव. भाडं मागायचं असलं तरी कोडंच.

सगळ्यात वाईट काळ होता तो बैलांचा. त्यांनी कुठेतरी वाचलं की त्या खेड्यांत नांगराला आठ बैल लागत आणि एका घरी आठ बैल नसत, म्हणून सगळं गाव बैल एकत्र करून एकमेकांची शेतं नांगरायचं. काकांना हे फार पटलं. ते गल्लीत घरोघर गेले. प्रत्येकाच्या गराजमध्ये बर्फ उडवायचं वेगळं मशीन कशाला, सगळ्या गल्लीत मिळून एक घेऊ, आळीपाळीनं सगळ्यांचा बर्फ काढू. लोकांनी हसून दार लावून घेतलं. एका तरुण जोडप्यानं तर विचारलं, बैल ठेवणार कुठे? काका रागावून घरी आले. "ठीक आहे. कुणी बैल देत नसेल तर माझा बैल मी देतो," म्हणाले, आणि त्या हिवाळ्यात अख्ख्या गल्लीचे ड्राइव्हवे त्यांनी एकट्यानं साफ केले. वर सगळ्यांवर फुगून बसले, कुणी आपला नांगरायला येत नाही म्हणून.

काकू मात्र या सगळ्यातून बाहेर होत्या. अक्षरशः बाहेर. झोपडी आकार घेत गेली, कूड झाला, लेप झाला, छप्पर चढलं, पण काकू किचनच्या खिडकीपाशी. त्या हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेल्या, स्वच्छतेच्या कडक. "दोघांनी मर मर मरून हे घर घेतलं. हार्डवुडचे फ्लोअर घातले. आणि मी आता मातीत जाऊन बसू?"

काकांनी आगटीपाशी एका ओंडक्याचा बाक केला होता, दोघांपुरता. त्यातल्या एकाच जागेला टेकायला पाठ होती. मला वाटलं, लाकूड संपलं असेल. मी तसं म्हटलंही.

"नाही," काका म्हणाले. "हिची कंबर दुखते."

मग मला कळलं की छप्पर, धूर, बैल हे सगळं ठीक आहे, काकांना हवं आहे ते एवढंच, की काकूंनी एकदा त्या पाठीला टेकून बसावं. ते दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून बोलवायचे आणि काकू दर आठवड्याला नाही म्हणायच्या. शेवटी वैतागून त्या म्हणाल्या, "वास्तुशांत झाल्याशिवाय मी नव्या घरात पाऊल टाकत नाही. माझ्या आईनं टाकलं नाही, मी टाकणार नाही."

त्यांना खात्री होती की शेणाच्या झोपडीची वास्तुशांत करणारा गुरुजी अख्ख्या ओंटारिओत मिळणार नाही. पण काका पडले इंजिनिअर. त्यांना ती अट वाटली. अट म्हणजे पुरी करायची गोष्ट. तीन गुरुजींनी फोन ठेवून दिला, चौथे मिळाले. एटोबिकोचे, तरुण, आठवडाभर कुठल्याशा बँकेचं नेटवर्क सांभाळणारे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगणारे. लॅपटॉपवरून करू म्हणाले. लॅपटॉपसाठी काकांनी आपला नियम एक दिवस मोडायचं ठरवलं, यावरून समजा.

काका नाचतच किचनमध्ये आले. मी काकूंचा डबा परत द्यायला गेले होते.

"गुरुजी मिळाले! शनिवारी वास्तुशांत. जोडीनं बसायचं आहे."

"कुठे बसायचं?"

"म्हणजे काय? आत."

"आत मी वास्तुशांत झाल्यावर येणार."

"अगं, पण तू आल्याशिवाय वास्तुशांत होणार कशी?"

"मग राहिलं," काकू म्हणाल्या आणि सिरियल बघायला निघून गेल्या.

काका ओट्यापाशी उभे राहिले. एरवी या माणसाचं तोंड मिटत नसे. त्या दिवशी त्यांनी नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला, आणि मागच्या दारानं बाहेर गेले. मला काकूंचा राग आला, खोटं कशाला सांगू.

तोडगा गुरुजींनी काढला. पत्नी हजर नसेल तर यजमानानं कमरेला सुपारी खोचून बसायचं, शास्त्राप्रमाणे सुपारी म्हणजेच पत्नी. "काकू भारतात गेल्यात का?" त्यांनी फोनवर विचारलं.

"किचनमध्ये आहे," काका म्हणाले.

गुरुजींनी घाईघाईनं सामानाची यादी सांगून फोन ठेवला.

काकूंना ही बातमी मीच दिली. "सुपारी?" एवढंच त्या म्हणाल्या. कांदा चिरत होत्या, तो जरा जास्तच बारीक चिरला.

शनिवार उजाडला. ऑक्टोबरची थंडी, गवतावर दव. काकांनी सोवळं नेसलं, वर जाकीट, पायात बर्फातले बूट, ते उंबऱ्याशी काढून ठेवले. कमरेला सुपारी खोचली. मी एका ओंडक्यावर लॅपटॉप ठेवला.

"मुख्य दार कुठल्या दिशेला?" गुरुजींनी सुरुवात केली.

"एक उत्तरेला, एक दक्षिणेला."

"दक्षिणेला दार? काका, दक्षिणेला दार नसतं हो चालत."

"सॅक्सनांना चालतं. वारा आरपार जावा लागतो."

गुरुजींनी डोळे मिटले. "बरं, ते दार नाहीच असं समजू. आचमन करा."

गणपती झाला, पुण्याहवाचन झालं. बाकावर काका बसले होते ते बिनपाठीच्या जागेवर. पाठीची जागा रिकामी होती. मग होम. आदल्या रात्रीच्या दवानं लाकडं ओली होती. त्यावर मी गुरुजींनी सांगितलेल्या मापानं, म्हणजे हात सैल सोडून, तूप ओतत होते. पेट घेईना, धूर मात्र असा उठला की स्क्रीनवरचे गुरुजी दिसेनात आणि आम्ही खोकायला लागलो. मी रांगत बाहेर आले, वर बघितलं आणि जागीच उभी राहिले. अख्ख्या छपरातून धूर येत होता. एका जागेतून नाही, काडीकाडीतून, सारखा, सावकाश. काका माझ्या मागून बाहेर आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "बघ! बघ! कुणी सांगितलं नाही गं त्याला!"

त्याच क्षणी कुंपणापलीकडे पडदा हलला, आणि डोरीननं फोन लावला.

बंब यायला फार वेळ लागला नाही. लाल गाडी, सायरन, हेल्मेट घातलेली दांडगी माणसं पाइप ओढत मागच्या अंगणात. लॅपटॉपमधून गुरुजी विचारत होते, "यजमान, शंख वाजतोय का?"

"सर, स्टेप बॅक! युवर रूफ इज ऑन फायर," कॅप्टन म्हणाला.

"नो, नो. इट इज ब्रीदिंग," काका म्हणाले.

"व्हेअर इज द चिमनी?"

"नॉट इन्व्हेंटेड येट."

"स्मोक अलार्म?"

"इन धिस हाउस? इट विल नेव्हर स्टॉप."

कॅप्टननं काकांकडे बघितलं. सोवळं, जाकीट, अनवाणी. मग आपल्या माणसांना हातानं खूण केली. पाइप फुगायला लागला. तेव्हा काकांच्या तोंडावरचं हसू गेलं. भिंतीचा लेप अजून पुरता वाळला नव्हता. त्या पाण्याच्या एका फटकाऱ्यानं दोन उन्हाळ्यांचं काम चिखल होऊन वाहून गेलं असतं. काकांनी हात जोडले. "प्लीज. नो वॉटर. इट इज ओन्ली मड."

"एनीबडी इनसाइड?"

"नो," काका हळूच म्हणाले. "नोबडी."

मागे पॅटिओचं सरकतं दार उघडलं. मी वळून बघितलं तर काकू. जांभळी पैठणी, नाकात नथ, केसांत सुद्धा काहीतरी माळलेलं. हे काही दोन मिनिटांत होत नाही. ती बाई सकाळपासून नटून किचनच्या खिडकीत उभी होती. त्या पदर सावरत, दवातून, पाइपवरून पाय उचलून, कॅप्टनच्या समोरून गेल्या आणि वाकून झोपडीत शिरल्या.

"मॅम! मॅम!"

आतून खोकला आला. मग आवाज आला, "आय ॲम इनसाइड. नाऊ थ्रो वॉटर."

कॅप्टननं कपाळाला हात लावला. मग त्यानं उष्णता दाखवणारा कॅमेरा मागवला आणि छपरावरून इकडून तिकडे दोनदा फिरवला. छप्पर थंड होतं. आग फक्त आगटीत, तीही धड नाही. "आय विल बी डॅम्ड," तो म्हणाला. पाणी थांबवलं. आग मात्र ताबडतोब विझवा म्हणाला.

"पूर्णाहुती राहिलीय!" लॅपटॉपमधून गुरुजी ओरडले.

हे कॅप्टनला मी समजावलं. म्हटलं, शेवटची पाच मिनिटं, अशी अर्धवट सोडता येत नाही. त्यानं विचार केला, हेल्मेट काढलं आणि आग विझवायचं लाल सिलिंडर हातात धरून दक्षिणेच्या, नसलेल्या दारात उभा राहिला.

आत काकू पाठीच्या जागेवर टेकून बसल्या होत्या. नथ काजळली होती. काका उंबऱ्यातच थबकले, आत येऊ की नको, असे.

"तू म्हणालीस, वास्तुशांत झाल्याशिवाय..."

"म्हणाले. माणसानं पुन्हा एकदा विचारायचं असतं. हे काय, सुपारी? मी इथे धडधडीत जिवंत असताना?" त्या पदरानं डोळे टिपत होत्या, धुरानं म्हणा. "आधी ती सवत काढा कमरेची. मग बसा."

काकांनी सोवळ्याच्या निऱ्या चाचपल्या. सुपारी सापडेना. मी, कॅप्टन आणि स्क्रीनवरचे गुरुजी, तिघांनीही शोधायला मदत केली. सापडली तेव्हा काकूंनी ती तळहातावर घेऊन नीट न्याहाळली आणि बाजूला ठेवली. पूर्णाहुती जोडीनं झाली. शेवटचं तूप दोघांनी एका पळीनं घातलं, काकूंनी काकांच्या हाताला हात लावून.

मग काकूंनी मला घरातून अडकित्ता आणायला पाठवलं. गुरुजी म्हणाले, "अहो, ती पूजेची..." पण काकूंनी लॅपटॉप अर्धा मिटला. त्यांनी त्या सुपारीची बारीक खांडं केली आणि प्रसादासारखी सगळ्यांना वाटली. एक काकांना, एक मला, एक कुंपणावरून डोरीनला आणि एक कॅप्टनला.

कॅप्टननं ती तोंडात टाकली, चावली, चेहरा वाकडा केला. "व्हॉट इज धिस?"

"धिस वॉज हिज वाइफ," काकू म्हणाल्या. "सिन्स मॉर्निंग."

कॅप्टन चावायचा थांबला. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि काकू पाठीला टेकल्या टेकल्याच त्यांच्या पाठीवर थापट्या मारत बसल्या.